पडतानाचं माप

आधी पैसे मोज. इथे नको, तिकडे तोंड करून मोज,
हा ओविनो बाजार आहे, डोळे फार.
एक लाख साठ हजार शिलिंग. बरं.
त्यातले नव्वद डाव्या मोज्यात घाल,
आणि मी कितीही गोड बोलले तरी काढू नकोस.
ते हेल्मेटचे.
हेल्मेट मी विकत नाही.

माझ्याकडचं सगळं वापरलेलं, किझ्झा.
कुणा जर्मन म्हाताऱ्याचा कोट, कॅनडातल्या पोरीचे बूट,
गठ्ठा फोडला की थंडीचा वास येतो,
एकदा एका खिशात बर्फावर घसरायचं तिकीट निघालं.
दुसऱ्याचं सगळं चालतं.
दुसऱ्याचं हेल्मेट चालत नाही.
ते एकदाच कामाला येतं.
वरून लखलखीत, आणि आत
कुणाच्या तरी पडण्यात खर्च होऊन गेलेलं.
पलीकडे मुसोकेकडे जा, नवं घे,
गाल दाबले जाऊ देत, मान हलव,
डोक्याबरोबर फिरलं तरच पैसे दे.

आता उरले सत्तर.

ते नको. लाल पट्ट्यांचं काळं जाकीट,
ठाऊक होतं मला, हात आधी तिथेच जाणार.
सगळ्यांचा जातो.
चिमटीत धरून बघ,
चामडं कसलं, दुधावरची साय आहे.
नाचायला जायचं असेल तर पंचवीसला देते.
डांबराला ती साय किती पुरणार?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मीही तेच सांगते पोरींना.
पण पडताना पाय
अंथरूण बघत बसत नाहीत.

आपलं पोट हातावर, म्हणून आधी हातमोजे.
पडणारा विचार करत नाही, हात पुढे करतो,
जमिनीशी ओळख करून घ्यायला निघाल्यासारखा.
माझ्या नवऱ्याने नातेतेच्या उतारावर तेच केलं.
बरगडी जुळली, गुडघा जुळला,
तळहात मात्र चार महिने उघडे.
मी भरवायचे, मीच बटणं लावायचे,
जुळ्या हसायच्या, बाबा आमचं तिसरं बाळ.
तो हसायचा नाही.

हे घे. तळव्याला दुहेरी चामडं.
डावा जरा फिका आहे, दोन वेगळ्या गठ्ठ्यांतले आहेत ते.
रस्ता जोडी बघत नाही.
बारा. बरं, दहा.
वास्वाचा धाकटा म्हणून नऊ, आणि त्याला सांगू नकोस.

आणि हा मळकट कोट, बंदरावरच्या हमालाचा असावा,
ताडपत्रीसारखा जाड.
कोपराशी नाबुकेन्या शिंपीण गाद्या शिवून देते,
फुटबॉलवाल्यांच्या नडगीपट्ट्या कापून.
हात वाकव. पुन्हा वाकव.
ढगळ असला तर गादी एकीकडे, कोपर दुसरीकडे,
मग तू आणि मी दोघं मूर्ख.
उकडेल? उकडणारच, कंपालात आहेस.
घाम पुसता येतो,
कातडी धुऊन दोरीवर वाळत घालता येत नाही.
अठ्ठावीस. शिलाई माझी.

उरले तेहेतीस. हे बूट तीसला.
घोटा झाकला गेला का? उभा राहा. चालून दाखव.

काढतोस का?

कोण? ती मुलागोची नर्स?
रोज पहाटे, कासुबीपासून, तुझ्या मागे?
आणि तिच्या डोक्यावर काय असतं?

...रुमाल.

हं.

एवढी वर्षं इथे बसते मी,
पोरं येतात, आरसे मागतात, झालरी मागतात,
हँडलला बांधायला वाघाची शेपटी मागतात.
मागच्या डोक्याची किंमत
आजपर्यंत कुणी विचारली नव्हती.
मीही नव्हती सांगितली.

मुसोकेला म्हण, नालोंगोने पाठवलंय.
तेहेतीसात दुसरं देईल, कुरकुरेल, पण देईल.
तेही नवंच घे, समजलं?
आणि त्याचा पट्टा तिला स्वतः लावून दाखव,
हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल.

थांब. बूट घालून जा.
रोज हजार, महिनाभर, रविवार धरून.
उपकार नाही हा, वहीत लिहिते आहे.

आणि लेस आत खोच.
साखळीत अडकली,
तर माझी उधारी बुडेल.