तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात घरात माणूस नसतो.
एक बादली असते, एक ओला रुमाल
आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली पाठ.
दुसऱ्यात पाठ कूस बदलते. पाणी मागते.
पाण्याला लोखंडाची चव लागते म्हणते.
तिसऱ्या आठवड्यात, बहुतेक मंगळवारी,
बेल्मिरू परत येतो.

आज आला.
मी शेगडीपाशी, तो दारात वाकून
बुटाच्या नाड्या बांधत:
"देओलिंदा, लसूण जळतोय."
पंधरा दिवस ज्याला कसलाच वास सोसत नव्हता
त्याला लसूण जळाल्याचं कळलं!
मी मुद्दाम आणखी थोडा जळू दिला.

एव्होराच्या दवाखान्यात पुढची सुई सोमवारी.
म्हणजे हातात सहा दिवस.
मागच्या खेपांना मी ते सहाही कामाला जुंपले.
चादरी उकळल्या, पेन्शनचे कागद लावले,
लिस्बनला लेकीला फोन करकरून रडवलं,
फ्रीजरमध्ये सूप भरलं महिनाभराचं.
सोमवारी गाडी दाराशी आली तेव्हा आठवलं,
एकदाही दोघं मिळून बसलो नव्हतो.
ह्या खेपेला चादरी पडल्यात तशाच.

टेकडीवर जातो आम्ही. सावकाश.
वाटेत तीनदा थांबतो, दोनदा त्याच्यासाठी,
एकदा माझ्या गुडघ्यासाठी;
हा तिसरा थांबा त्याला फार आवडतो.
वर बुचाची झाडं, फांद्यांपर्यंत सोललेली,
आणि प्रत्येकाच्या अंगावर एक पांढरा आकडा:
ज्या साली साल काढली
त्या सालाचा शेवटचा अंक.
पुढे नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.
मालक कितीही नडलेला असो.
कायदाच आहे तसा.

नऊ वर्षं झाड करतं तरी काय?
चाळीस वर्षं इथे नांदून हे मी विचारलं नव्हतं.
"काही नाही," बेल्मिरू म्हणतो. "जाड होतं."

तो ज्याला टेकतो त्याच्यावर सात.
आकडा त्याच्याच हातचा, जरा कललेला,
त्या दिवशी मनगटाला मधमाशी चावली होती म्हणून.
कुऱ्हाड अशी घालायची, तो हवेत दाखवतो,
की वरची साल सुटावी, आतलीला लागू नये.
आतल्या पापुद्र्याला आमच्याकडे आई म्हणतात.
आईला लागलं, की ती जागा
पुन्हा नीट भरून येत नाही.
एकोणतीस उन्हाळ्यांत त्याच्या हातून दोनदा लागलं.
दोन्ही झाडं कुठली, ते अजून सांगतो.
हात खाली येताना थरथरतो.
मी पलीकडच्या मेंढ्या बघते.

सात, म्हणजे पुढचं सोलणं केव्हा,
हा हिशेब बोटांवर होण्यासारखा आहे.
आम्ही दोघांनी बोटं
कोथिंबीर निवडायला लावली.

शिळा पाव. लसूण, मीठ, कोथिंबीर ठेचून.
वर थर्मासातलं कढत पाणी आणि घरून आणलेलं अंडं.
हातावरच्या पोटांचं जेवण हे;
हल्ली शहरातले लोक पैसे मोजून खातात म्हणे.
बेल्मिरू वाडगा तिरका करून शेवटचा थेंब पितो,
मिशा पुसतो, विचारतो, "एवढंच केलंस?"
ह्या प्रश्नावर पूर्वी मी चिडत असे.

पदराआड, म्हणजे एप्रनच्या खिशात, फोन वाजतो.
"लेक असेल."
"असेल."
वाजून वाजून गप्प होतो.

मग तो झोपतो, सातला पाठ लावून,
तोंड उघडं, टोपी एका कानावर.
सवयीने मी श्वास मोजू लागते,
पहिल्या आठवड्यातल्या रात्रींसारखे.
अकरा, बारा.
बुटावर एक मुंगी चढते, पावाचा कण घेऊन,
नाडीपाशी अडते, वळसा घालते, पुन्हा अडते.
किती झाले होते ते आठवत नाही.

चार वाजले असतील.
साडेचार.
असू देत.