विरजण

बत्तीस वर्षं संघाच्या डेअरीत दूध तपासलं.
फॅट, डिग्री, पाणी घातलंय का.
आता मिरजेत शालनच्या रक्ताची चिठ्ठी वाचतो.
पांढऱ्या पेशी आठशे.
दूध असतं तर कॅन परत पाठवला असता.

डॉक्टर कुडचे म्हणाले, घरचं दही बंद.
म्हटलं, दह्यानं पोट तरी धरेल.
रात्रीत सहा-सहा वेळा उठते ती
भिंतीला हात लावत.
म्हणाले, त्यात जिवंत जंतू असतात
आणि सध्या हिच्या दारात राखण नाही.

औषधाच्या दुकानातल्या पोरानं
गार पाकीट काढून दिलं, पोटासाठी.
वर छापलेलं: दहा अब्ज.
विकत घेतलं, मग विचारलं.
हीसुद्धा नको आत्ता. काउंट वर येऊ द्या.
तेव्हापासून दहा अब्ज जण
आमच्या फ्रिजच्या दारात
अंड्यांच्या जागेवर झोपलेत.

ती म्हणते, माझं पोट म्हणजे
पूर ओसरल्यावरची आपली गल्ली.
बरं-वाईट सगळंच धुऊन गेलं,
चिखल तेवढा राहिला.

त्या साली अंकलखोपातून निघताना
ती दागिन्यांचा डबा विसरली
आणि होडीत पदराखाली धरून बसली
विरजणाची वाटी.
मी ओरडलो होतो, सगळ्यांदेखत.
तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात
कुणाच्या तरी पावशेर दुधात तिनं ते लावलं.
मुल्लाणी वहिनींच्या घरचं दही
अजून त्याच वाटीचं आहे.

आता रात्री दूध मी कोमट करतो.
घरात थर्मामीटर आहे, तरी करंगळी बुडवून बघतो.
फार ढवळू नका, ती आतून सांगते.
सकाळी सुरी उभी राहील असं लागतं.
ती खाऊ शकत नाही.
मी खाल्लं तर तिला वास येईल.
म्हणून सगळं वहिनींकडे जातं,
मागं चमचाभर राहतं, रात्रीसाठी.

पेपरात लिहितात,
अमक्याच्या आनंदावर विरजण पडलं.
ज्यानं पहिल्यांदा हे लिहिलं
त्याच्या घरी दही दुसरंच कुणी लावत असणार.

आज चिठ्ठीत अठराशे.
कुडचे म्हणाले, बघू.
बघू म्हणताना चष्मा काढला त्यांनी,
त्याचा अर्थ काय धरायचा
गाडीत बसेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

तुंगच्या पुढं तिनं विचारलं,
काल लावलं होतं का?
लावलंय.
हलवलं नाही ना?
नाही.

थंडी पडायला लागलीय, म्हणाली,
आजपासून वाटीला टॉवेल गुंडाळा.