इतर

न्चेऊच्या इस्पितळात मला कॅलेंडर लागत नाही,
कोपरं सांगतात महिना.
नोव्हेंबर सरता सरता झाडांना पाड लागतो
आणि पोरं पडू लागतात,
आंब्यांच्या बरोबरीनं, कधी आंब्यांच्या आधी.
जून-जुलैच्या थंडीत भाजलेली येतात:
तीन दगडांची चूल, रटरटणारं न्सिमाचं पातेलं
आणि नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं कुणीतरी.

एकोणीस वर्षं मी प्लास्टर घालतोय.
डॉक्टर नाही. पोरं म्हणतात बांबो पुलासिटाला.
मी म्हणतो, हलू नकोस,
आधी गरम वाटेल, मग गार, मग दगड.

महिनाअखेरीचा तक्ता वरून छापून येतो.
हिवताप. हगवण. न्यूमोनिया. गोवर.
ज्याची त्याची ओळ,
ज्याची त्याची लस, मच्छरदाणी, जीपगाडी.
अगदी तळाला, कागद संपता संपता: इतर.
त्या चौकटीत मी कोंबतो
आंबा, विहीर, पातेलं,
लाकडाच्या ट्रकखाली आलेली शाळेची वाट,
फान्टाच्या बाटलीतलं रॉकेल.
बेरीज एकशे बारा.
एवढ्यांत कोण कशानं, ते कागदाला कळत नाही.

यांखो आठ वर्षांचा. आमच्या चेवात यांखो म्हणजे उत्तर.
मंगळवारी पडला.
बुधवारी गावातल्या म्हाताऱ्यानं कामट्या बांधल्या,
मनापासून, फार घट्ट.
शुक्रवारी भाड्याच्या सायकलवर, मांडीत घेऊन,
आई त्याला घेऊन आली. एकतीस किलोमीटर.
सायकलवाल्यानं अर्धेच पैसे घेतले.
बोटं तोवर काळी.
मी दोरी सोडली फक्त. प्लास्टरचं काम उरलं नव्हतं.

दोष कुणाचा, एनिफानं विचारलं.
मी 'तुझा' म्हणेन असं धरूनच आली होती ती.
गुडघाभर मक्यात खुरपत होती त्या वेळी.
फांदीचा, म्हणालो मी.
रस्त्याचा म्हणायचं राहिलं. आणखीही बरंच राहिलं.

त्या रात्री पट्टी घेतली
आणि तक्त्याच्या तळाशी निळ्या शाईनं ओळी आखल्या:
पडणे. भाजणे. बुडणे.
जागा पुरेना, तेव्हा समास खाल्ला.
जिल्ह्याहून परत आला: विहित नमुन्यात नाही, सुधारून पाठवा.
सुधारला.
पुढच्या महिन्यात पुन्हा आखल्या. पुन्हा परत.
पाचव्या खेपेला तिकडून फोन आला, तादाला नावाची नवी कारकून:
बांबो, तुमच्या त्या ओळी जरा सरळ आखत जा,
मला बेरीज करताना त्रास होतो.

काल यांखो आला टाके दाखवायला.
डाव्या हातानं माझ्याकडे आंबा फेकला. नेम चुकला,
प्लास्टरच्या बादलीत पडला.
कुठून काढलास रे?
तर छपराकडे बघत बसला.