सोयरीक

कोरचीच्या बाजारात लाडकूबाई उसेंडी
पळसाच्या पानावर सात्या मांडते.
वारुळावरच्या इकडं, बांबूतळीच्या तिकडं.
ज्याचं घर, त्याचं कुळ.

मी सांगतो, आता रूप बघत नाहीत,
पेशीतला मजकूर वाचतात.
ही दोन जुळी दिसतात, पण परकी.
अन् हा बिनछत्रीचा गोळा
छत्रीवाल्याचा सख्खा चुलतभाऊ.

"अन् झाडाचे हे कोन?"
फार दूरचे, मावशी.
फांदी धरून मागं गेलं
की आधी आपण लागतो.
आपण, ती कोंबडी, ते कुत्रं.

तराजू थांबला.
"म्हंजे सरावणात खाल्ल्या, त्या..."
बाजूची म्हातारी खो खो हसली.

लाडकूबाईनं पान दुमडलं,
काडीनं टाचलं,
पैसे मोजले.
"घे. सोयऱ्यायले नीट नेजो."