धातुविरहित

ग्रॅफाइट पुण्याहून येणार होतं. तीन आठवडे झाले.
मग बाबांना विचारलं, उद्यमबागेत
साच्यांना फासता ते काळं
डबाभर मिळेल का.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या तळाशी पुडी,
भाकरीच्या वासासकट.
"चाळून आणलोय की. मुठीत धरू नको, नखात बसतंय."
त्यांच्या नखांत सत्तावीस वर्षांचं आहे.

बर्फ कॅम्पातल्या मासळीबाजारातला,
म्हणून पहिले दोन तास प्रयोगशाळेला
बांगड्याचा वास.
आम्लात परमँगनेट, चिमटीचिमटीने.
जांभळ्याचं हिरवं, हिरव्याचं तपकिरी,
आणि पेरॉक्साइड पडल्यावर एकदम
यल्लम्माच्या भंडाऱ्यासारखं पिवळं.
"छलो आतु," हिरेमठ मॅडम म्हणाल्या.
नऊ दिवस धुतलं.
थरापासून थर सुटत गेला.
युरियाबरोबर भट्टीत, आठशे अंशांवर.

एका अणूच्या जाडीचा पत्रा.
मधलं मैदान निवांत पडलेलं असतं,
काम होतं ते कडेला,
जिथं बंध तुटलेत आणि हात मोकळे आहेत.
मॅडम पदराचा काठ चिमटीत धरून दाखवत,
"अंचु. इल्ली."
मला लगेच पटलं.
चंदगडला आजोळ, बेळगावात घर,
आमच्याकडे कडेचं कौतुक कुणालाही पटतं.
त्याच रात्री निबंधाचं शीर्षक लिहिलं,
त्यात 'धातुविरहित', ठळक.

आलेख उतरला तेव्हा दोघी गप्प.
हवेतला ऑक्सिजन इतका सहज
प्लॅटिनमखेरीज कुणाच्या हाती लागत नाही.
मॅडमना आनंद झाला नाही.
चष्मा पुसत म्हणाल्या, "ग्रॅफाइट यल्लिंद?"
कुठून म्हणजे, वडिलांच्या फाउंड्रीतून.
"मग आधी आम्लात उकळ. आणि परत पहिल्यापासून."

उकळलं. निथळलेलं पाणी फिकट पिवळं.
थायोसायनेटचा एक थेंब,
आणि लाल.
गुडघा फुटल्यावर येतं तसं लाल.
"कब्बिण," मॅडम हळूच म्हणाल्या,
विसरलेलं नाव आठवावं तसं.
लोखंड. हजारात तीन भाग.
धुतलेल्या मालाचा आलेख आडवा पडून राहिला.
कडा होत्याच. मोकळे हातही होते,
नुसते मोकळे.

शीर्षकातला शब्द खोडला.
खोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

न धुतलेल्या मालाचे दोन सेल केले.
जस्त, पोटॅश, झाकणाला हवेसाठी भोकं.
घरी मिक्सरशेजारी ठेवले,
वाटाण्याएवढा लाल दिवा.
बाबा दुसऱ्या पाळीहून आले, पाय न धुताच बघत राहिले.
"कशावर चालूलालंय?"
हवेवर. जस्तावर.
आणि तुमच्या पुडीत लोखंड होतं, त्याच्यावर.
त्यांनी हात मागे घेतले.
"चुंबक फिरवायचा राहिला त्या दिवशी.
सुट्टी संपत आल्ती.
नुकसान झालं काय तुझं?"

मोरीत ते साबण लावत होते,
नेहमीसारखा दोनदा,
आणि पाणी नेहमीसारखं करडं वाहत होतं.
दिवा अजून जळत होता.
"डबा घासू नका," मी आतून म्हणाले,
"उद्या परत लागेल. आणि चुंबक
नकोच फिरवू."