शेऱ्याचा रकाना

दगड विहिरीच्या कठड्यात आडवा बसवलेला.
कैतान परेरा म्हणाले, आमच्या मरोळ गावठाणातले
सगळे कोयते ह्याच्यावर पाजळलेत.
धार बरी येते.

मी टॅब उघडला. वर आभाळ अपुरं,
एकीकडे बावीस मजले, एकीकडे जांभूळ.
उपग्रह सापडेनात. सहा. चार. परत सहा.
पडद्यावरचा निळा ठिपका विहिरीत पडला,
निघाला, आणि बल्लाळांच्या संडासावर जाऊन बसला.
तुमचा ठिपका दारू प्यालाय काय, कैताननी विचारलं.

मग पाणी मारून मऊ ब्रशनं पुसलं.
आधी चंद्र निघाला, मागून सूर्य.
मधे नऊ ओळी, त्यातल्या सात कोयत्यांनी खाल्लेल्या.
तळाशी गाढव.
गाढवाखाली कोण आहे ते मी बोलले नाही.
ते म्हणाले, ठाऊक आहे,
लहानपणी आम्ही तेवढंच बघायला यायचो.

जो ही जमीन बळकावील त्याच्या आईला.
एवढंच वाचता आलं.
कुणा राजाच्या कारकुनानं शीव आखली
आणि शिवी कोरली.
वेलांटी फक्त एक घर पुढे सरकते.
अक्षर न येणाऱ्यासाठी चित्रही दिलं.
त्या बाईला मात्र कुणी विचारलं नसावं
की तुला ह्या शेताच्या राखणीला ठेवू का,
अशी, इतकी वर्षं.

माझ्याकडे शिवी नाही. लाल रेघ आहे,
भोवती शंभर मीटरचं फिकट कडं.
खाली आराखड्याचा थर, त्यात ही जागा : रिकामी.
प्रस्तावित वाहनतळ, दोन तळघरं.
खणणारेही म्हणतात थर, आम्हीही म्हणतो थर.
त्यांना एक उलगडायला पावसाळा ते पावसाळा लागतो,
आमचा एका टिचकीत बंद होतो
आणि धूळही उडत नाही.

मंगळवारी उर्सेकर साहेब खुर्ची ओढून बसले.
ठिपका बारा मीटर पूर्वेला घेता येईल का?
उपग्रह चुकतातच ना, तुमच्याच अहवालात आहे.
आवाज मऊ. चहा त्यांनीच मागवला.
बारा मीटर पूर्वेला गटार आहे, मी म्हटलं.
तेच तर, ते म्हणाले.

मी नाही म्हटलं नाही. चहा प्यायले.
संध्याकाळी कापडी टेप घेऊन परत गेले.
कैताननी टोक धरलं, गुडघा धरून वाकले.
जांभळापासून चार मीटर दहा.
क्रुसापासून अकरा मीटर साठ.
पुन्हा मोजा, ते म्हणाले, साठ नाही, बासष्ट.
बासष्ट होते.

रात्री शेऱ्याचा रकाना उघडला,
जो कुणी भरत नाही
आणि ज्यात दोनशे पंचावन्न अक्षरं मावतात.
लिहिलं : दगड जागेवर आहे. हात लावून पाहिला.
अंतरं टेपनं मोजली, जांभूळ आणि क्रूस धरून.
उपग्रहाची चूक इथे लागू नाही.
साक्षीदार कैतान परेरा, वय एकोणऐंशी,
ह्यांनी एक आकडा दुरुस्त केला.
वर चंद्रसूर्य शाबूत. खाली एक बाई आहे, तीही मोजावी.
ठिपका हलवणाऱ्याच्या

इथे रकाना भरला.
मी तसंच जतन केलं.