रकाना सातवा : सध्याचा वापर

फाटकावर पाटी : पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन.
पाटीच्या वर, कमानीच्या कपाळावर,
फारसी ओळ चुन्याच्या कितीतरी हातांखाली गेलेली.
एका अक्षराचं शेपूट तेवढं बाहेर.

रकाना दोन सोपा होता.
मूळ वापर : मदरसा.

मी टेप लावतो. चौक एकसष्ट फूट.
भोवती बारा खोल्या,
दारं इतकी बुटकी की मोठ्या माणसाला वाकावं लागतं,
पोरांना नाही.
प्रत्येक खोलीत दोन कोनाडे :
एक काजळीनं काळा, तो दिव्याचा.
दुसरा स्वच्छ.
त्यात आता खुरकुताच्या लशीची रिकामी खोकी.

खारपाणपट्ट्यातलं गाव.
पूर्णेच्या अंगानं मीठ भिंतीतून वर येतं.
मुनीर मिस्त्री गिलाव्याची पापडी नखानं काढतो,
जिभेवर ठेवतो.
"चढलं," म्हणतो.

घुमटाच्या मधोमध लोखंडी आकडा.
मला वाटलं झुंबराचा.
नाही, काट्याचा. जिनिंगवाले इथं कापूस तोलत.
चौथ्या खोलीत कोळशाच्या रेघा, पाचापाचाच्या,
आणि त्यांच्याखाली, वाकून बघितलं तरच,
शाईचे उभे फटकारे :
अलिफ, अलिफ, अलिफ,
एक पडलेला,
मग कुणीतरी हात धरून काढवलेला सरळ.

दुपारी हिरामण तायडे आले. ड्रेसर.
निवृत्तीला चौदा महिने.
चौकातल्या खोड्यातली गाय सोडून
मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात बांधली,
आणि स्वतः समोरच्या कोपऱ्यात गेले,
भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखे.
"साहेब, इथं या. टेप वाजवू नका."

चाळीस फुटांवरून
कमानीच्या पोटाला घासत
गायीचा श्वास माझ्या कानात आला.
गरम नव्हता, एवढंच.
"खरखर आयकू येते ना? छाती भरली तिची.
नळी तर कवाचीच फुटली. नवी मागितली,
अर्ज गेला अमरावतीले."
कुणी शिकवलं, विचारलं.
"कोनी नाई. एक डाव इथं डबा खात बसलो होतो."

मुनीर दारातूनच म्हणाला,
"माहा आजा सांगे, इथंच उस्ताद बसे. डोये मिटून.
तिकडल्या कोपऱ्यात कोन पोट्टं नुसते ओठ हालवते,
त्याले बराबर कये."
"अन् अडत्या?" तायडे हसले.
"तोही इथंच बसे. कास्तकार तिकडं आपसांत
काय भाव बोलतात ते आयकत.
त्याचं नाव नका लिहू. नातू सरपंच हाय."

संध्याकाळी मी त्याच कोपऱ्यात
गुडघ्यावर फॉर्म घेऊन बसलो.
सातव्या रकान्याला जागा एकाच ओळीची.
'दवाखाना' लिहिलं.
पुढे 'ऐक' एवढं लिहिलं,
मग त्यावर रेघ मारली.

चाळीस फुटांवर, गायीला पाणी दाखवत,
पाठमोऱ्या तायड्यांनी विचारलं,
"काय खोडलं, साहेब?"